नागपूर-वर्धा : ७९ किलोमीटर आणि साडेनऊ इंच

खापरीजवळ नागपूरची मेट्रो खांबांवरून खाली उतरते आणि जमिनीवरून धावू लागते. शेजारीच मध्य रेल्वेची मुंबईकडे जाणारी मोठी लाइन आहे. दोन्हींच्या डोक्यावरच्या तारेत वीज सारखीच, २५ हजार व्होल्टची. चाकं पोलादी, रूळही पोलादी. पण मेट्रोच्या दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, तर रेल्वेच्या रुळांमधलं १६७६. फरक २४१ मिलिमीटरांचा. म्हणजे साडेनऊ इंच, एक वीत आणि वर अर्धा इंच.

नागपूर ते वर्धा हे रेल्वेचं अंतर ७९ किलोमीटर, म्हणजे ७ कोटी ९० लाख मिलिमीटर. त्याचे सव्वातीन लाखांहून जास्त तुकडे पाडले, तर एकेक तुकडा २४१ मिलिमीटरांचा भरेल. नागपूरच्या मेट्रोला वर्ध्याला यायचं असेल तर हे लाखो उभे तुकडे ती सहज ओलांडेल. अडचण आहे ती आडव्या पडलेल्या एका तुकड्याची.

वर्धेकरांना हे जरा जास्तच बोचावं, कारण हा जिल्हाच रेल्वेच्या चव्हाट्यावर बसलेला आहे. १८६२ मध्ये तो नागपूरपासून वेगळा काढला, तेव्हा मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडीला हललं आणि तिथे आजचं वर्धा वसलं. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. मग हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळशाकडे जाणारा फाटा निघाला. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा हा दुवा पुरा झाला आणि त्याच फाट्यावरून दिल्ली-मद्रास थेट वाहतूक सुरू झाली. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन मोठे मार्ग इथे एकमेकांना भेटतात. वर्ध्याच्या मालधक्क्यावर भरलेली वाघीण चाक न बदलता कन्याकुमारीला जाऊ शकते, दिब्रुगडला जाऊ शकते. सुमारे ६९ हजार किलोमीटरचं जाळं तिला जवळजवळ सगळं मोकळं आहे. नागपूर मेट्रोचे ४० किलोमीटर तेवढे बंद.

हा १६७६ चा आकडा आला कुठून? पहिल्या कंपन्यांच्या विलायती मंडळींना त्यांच्या देशातलीच ४ फूट साडेआठ इंचांची रुंदी इथे हवी होती. गव्हर्नर जनरल डलहौसीला ६ फूट बरी वाटत होती. सल्लागार अभियंता सिम्स याने साडेपाच फूट सुचवली, आणि अखेर तीच ठरली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी याच रुंदीवरून ३४ किलोमीटर धावली. त्या ३४ किलोमीटरवर सुधारणा करणं सोपं होतं. आता ती संधी दोन हजारपट महाग झाली आहे, कारण जाळं दोन हजारपट वाढलं आहे.

शिवाय एका रुंदीवरही आपण टिकलो नाही. १८७० मध्ये व्हाइसरॉय मेयोच्या कारकिर्दीत काटकसर म्हणून मीटर गेज आलं. १९५१ साली देशात सुमारे ५३,६०० किलोमीटर रेल्वेमार्ग होते. त्यांत ब्रॉड गेज २५ हजारांच्या जरा वर आणि मीटर गेज २४ हजारांच्या जरा वर. थोडक्यात, एकाच देशात जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन रेल्वे होत्या आणि त्यांच्यामध्ये हमाल उभे होते. उरलेल्या चारेक हजार किलोमीटरांत अरुंद लाइनी होत्या. त्यांतली एक वर्धा जिल्ह्यातली.

पुलगाव-आर्वी मार्ग १९१७ मध्ये सुरू झाला. लांबी ३५ किलोमीटर, रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. शेजारच्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या १८९ किलोमीटरच्या मार्गाची ही सख्खी बहीण. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि कारभार मुंबईच्या किलिक निक्सनचा. यवतमाळकडच्या गाडीला लोक शकुंतला म्हणत. आर्वीकडेही तेच नाव चालतं. या मुलखात कापूस उदंड, रस्ते कच्चे आणि पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी आसापर्यंत रुतणार. अशा ठिकाणी स्वस्तात बसवता येणारी हलकी रेल्वे ही अक्कलहुशारीची गोष्ट होती, यात शंका नाही.

स्वस्त म्हणजे किती? या अडीच फुटी घराण्याचा महाराष्ट्रातला मूळ पुरुष म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ती १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू केली आणि पुढे ती मिरजेपासून लातूरपर्यंत सव्वातीनशे किलोमीटर पसरली. त्याचा हट्ट एकच होता : कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार कमी तर रूळ हलके, रूळ हलके तर पूल हलके, पूल हलके तर खर्च हलका. त्याने यार्डाला ३० पौंडांचे रूळ वापरले. आजच्या मापात ते मीटरला १५ किलो होतात. मोठ्या लाइनचा आजचा रूळ मीटरला ६० किलोचा आहे. ३५ किलोमीटरच्या मार्गाला दोन बाजूंचे मिळून ७० किलोमीटर रूळ लागतात. बार्शीच्या मापाने ते १,०५० टन होतात, मोठ्या लाइनच्या आजच्या मापाने ४,२०० टन. तीन हजार टनांहून जास्त पोलाद निव्वळ हलकेपणाने वाचतं.

ही बचत पुलगावच्या फलाटावर वसूल होत असे. १६७६ वजा ७६२ म्हणजे ९१४ मिलिमीटर, बरोबर तीन फूट. आर्वीकडून आलेला माल छोट्या लाइनच्या वाघिणीतून उतरवायचा आणि मोठ्या लाइनच्या वाघिणीत चढवायचा. आज कापसाची पक्की गाठ १७० किलोची धरतात. अडीच हजार टनांची एक मालगाडी भरायची तर अशा १४,७०० गाठी लागतील. दोन वाघिणींमध्ये दहा मीटरचं अंतर आहे असं धरा. सगळ्या गाठींचं चालणं मिळून १४७ किलोमीटर होतं. हा झाला भरल्या हातांचा प्रवास. रिकाम्या हातांचा परतीचा तेवढाच. म्हणजे एक गाडी भरायला माणसांनी वजन घेऊन नागपूरहून वर्ध्याला जायचं आणि परत येताना नागपूर अकरा किलोमीटर राहिलं की थांबायचं. रुळांतली तीन फुटांची तफावत माणसांच्या पायांत अशी मोजावी लागते. कंपनीच्या हिशेबवहीत मात्र ती ‘हमाली’ या एका ओळीत मावते.

कॅलथ्रॉपला हे ठाऊक होतं, आणि त्याच्याकडे तोडही होती. मोठ्या लाइनची अख्खी वाघीण छोट्या लाइनच्या सखल वाहक गाड्यावर चढवायची आणि तशीच ओढत न्यायची. इंग्लंडमधल्या लीक-मॅनिफोल्ड या त्याच्याच अडीच फुटी मार्गावर १९०४ मध्ये हे करून दाखवलं गेलं. चाकांखाली चाकं! कल्पना देखणी, पण तिथे बाजूच्या रुळांची रुंदी १४३५ होती. वाहक गाड्याला फक्त ६७३ मिलिमीटरची तफावत पोटात घ्यायची होती, पुलगावसारखी ९१४ ची नव्हे.

जुन्या काळच्या हलक्या रेल्वेची ही कथा. आता नव्या काळच्या हलक्या रेल्वेकडे, म्हणजे ट्राम आणि मेट्रोकडे येऊ. शहरातली गाडी थेट राष्ट्रीय रेल्वेच्या रुळांवर नेण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग जर्मनीतल्या कार्ल्सरूहचा. २५ सप्टेंबर १९९२ पासून तिथली ट्राम शहराच्या रस्त्यातून निघते, एका जोडरुळावरून रेल्वेच्या लाइनवर चढते आणि ब्रेटन नावाच्या गावात जाऊन उतरते. प्रवासी जागेवरून हलत नाही. तिथे अडचण होती विजेची. ट्रामच्या तारेत ७५० व्होल्ट, रेल्वेच्या तारेत १५ हजार. वीसपट फरक, त्यात एक वीज एकदिश आणि दुसरी प्रत्यावर्ती. पण दोन्ही रुळांची रुंदी १४३५ होती. म्हणून एकाच गाडीत दोन्ही विजांची यंत्रणा बसवली आणि प्रश्न मिटला.

खापरीला नेमकं उलटं आहे. वीज तंतोतंत एक आणि रूळ निराळे. वीसपट व्होल्टेज गाडीच्या पोटातल्या यंत्राने जुळवता येतं. साडेनऊ इंच जुळवायला तसं यंत्र आपल्याकडे नाही. स्पेनकडे आहे. तिथल्या जुन्या रेल्वेची रुंदी १६६८, नव्या वेगवान मार्गांची १४३५. फरक २३३ मिलिमीटर, आपल्यापेक्षा जेमतेम आठ मिलिमीटर कमी. टाल्गो कंपनीच्या गाड्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एका खास पट्ट्यावरून सावकाश जाता जाता आपली चाकं आत-बाहेर सरकवतात. म्हणजे अशक्य काही नाही. पण प्रत्येक चाकाला कुलूप-किल्ली हवी, आणि ती देखभाल दर दहा मिनिटांनी सुटणाऱ्या गाड्यांच्या ताफ्याला परवडायला हवी.

आणि रुंदी जुळत असली तरी जोडणी स्वस्त पडते असं नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डची ट्राम रॉदरहॅमला नेण्यासाठी एक अगदी आखूड जोडरूळ टाकायचा होता. दोन्हीकडची रुंदी १४३५. खर्चाचा पहिला अंदाज १ कोटी ८७ लाख पौंड होता, पुढे तो साडेसात कोटींवर गेला, म्हणजे चौपट. अखेर २५ ऑक्टोबर २०१८ ला गाडी सुरू झाली आणि त्याच दिवशी एका ट्रकला धडकून रुळांवरून घसरली. जोडरुळाचा त्यात काहीच दोष नव्हता, पण नशीब म्हणतात ते असं.

समजा, आपण स्पेनचाच दुसरा उपाय उचलला. नागपूर-वर्धा मार्गावर दोन रुळांच्या जोडीला तिसरा रूळ टाकायचा. एक रूळ दोन्ही गाड्यांचा सामाईक, दुसरा ज्याचा त्याचा. आता मोजणी करू. आपल्या रेल्वेत किलोमीटरला १,६६० स्लीपर बसवतात. ७९ किलोमीटरला १,३१,१४०. अप आणि डाउन मिळून २,६२,२८०. यातला प्रत्येक काँक्रीटचा स्लीपर दोनच रुळांसाठी ओतलेला आहे, त्यामुळे प्रत्येक बदलावा लागेल. तेही गाड्या चालू ठेवून.

पुढे फलाट येतो. रेल्वेच्या लाइनच्या मध्यापासून फलाटाची कड १,६७० ते १,६८० मिलिमीटरवर असते. रेल्वेचा डबा ३.२४ मीटर रुंद, म्हणजे मध्यापासून १,६२०. फट उरते पाच-सहा सेंटिमीटरची. मेट्रोचा डबा २.९ मीटर रुंद, मध्यापासून १,४५०. फट झाली २२ सेंटिमीटर. त्यातून तिसऱ्या रुळामुळे मेट्रोचा मध्य १२ सेंटिमीटर बाजूला सरकतो. सामाईक रूळ फलाटाकडचा असेल तर फट १० सेंटिमीटर, पलीकडचा असेल तर ३४. चौतीस सेंटिमीटरमध्ये लहान मूल सहज सटकेल. उंचीचंही तेच. रेल्वेचा फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर, मेट्रोचा सुमारे १,०८०. उंच रेल्वे फलाटाशीसुद्धा २४० मिलिमीटरची पायरी पडते. रुळांतला फरक जवळजवळ जसाच्या तसा इथे उभा राहतो. योगायोगच, पण चिडवणारा.

वजनाचा हिशेब वेगळा. मेट्रोच्या आसावर कमाल १६ टन भार धरतात. तीन डब्यांना बारा आस, म्हणजे गच्च भरलेली गाडी १९२ टनांच्या आत. चंद्रपूरकडून वर्ध्यावरून जाणाऱ्या कोळशाच्या रेकमध्ये ५८ वाघिणी, प्रत्येकीला चार आस आणि आसावर २२.९ टन. एकूण ५,३०० टन. एक रेक म्हणजे जवळपास २८ भरलेल्या मेट्रो. ही दोन्ही एकाच रुळावर सोडायची तर मेट्रोच्या डब्याच्या हाडांचा विचार करावा लागतो. युरोपीय मापदंडानुसार ट्रामच्या डब्याने समोरून २० टनांचा दाब सोसला तरी चालतो, मेट्रोच्या डब्याने ८० टनांचा सोसावा लागतो, आणि रेल्वेच्या इंजिनामागच्या डब्याने २०० टनांचा. कायदेही निराळे आहेत. रेल्वे १९८९ च्या रेल्वे अधिनियमाखाली चालते, मेट्रो २००२ च्या मेट्रो कायद्याखाली. (दोन्हींना सुरक्षिततेचा दाखला देणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त मात्र नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या छत्राखाली बसतात. सरकारी विनोद इतका निर्मळ क्वचित असतो.)

या सगळ्या जंजाळातून एक पळवाट नागपूरनेच शोधली. रूळ जोडायचेच नाहीत, मेट्रोचा डबाच १६७६ वर बसवायचा. जुलै २०१८ मध्ये नागपूरची मेट्रो चालवणारी महामेट्रो, राज्य शासन आणि रेल्वे यांच्यात ‘ब्रॉड गेज मेट्रो’चा सामंजस्य करार झाला. नागपूरहून वर्धा ७८.८ किलोमीटर, नरखेड ८५.५३, रामटेक ४१.६ आणि भंडारा रोड ६२.७. बेरीज २६८.६३ किलोमीटर. खर्चाचे जे आकडे पुढे आले ते चारशे कोटींच्या आसपासचे.

याच्या शेजारी नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा ठेवून पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने तो मंजूर केला. ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी रुपये. किलोमीटरला १५३ कोटी. ब्रॉड गेज मेट्रोचा भाव किलोमीटरला दीड कोटी. शंभरपट फरक! चारशे कोटींत खांबांवरची मेट्रो जेमतेम अडीच किलोमीटर होते. उलट, खांबांवरच्या मेट्रोच्या भावाने वर्ध्यापर्यंत जायचं म्हटलं तर १२ हजार कोटी लागतात. वर्धा रोडवर मेट्रो आणि उड्डाणपूल एकाच खांबावर पेलणारा ३.१४ किलोमीटरचा पूल गिनीजच्या पुस्तकात गेला, तेव्हा नागपूरकरांनी अभिमानाने छायाचित्रं काढली, आणि काढावीत. पण तसे पंचवीस पूल एकापुढे एक ठेवले तरच वर्धा येतं.

दीड कोटीत किलोमीटर कसा होतो, हे विचारलं पाहिजे. उत्तर असं की त्यात किलोमीटर नाहीच. रूळ रेल्वेचे, तार रेल्वेची, स्थानकं आणि सिग्नलही रेल्वेचे. विकत घ्यायचे ते जवळजवळ फक्त डबे. म्हणजे ही मेट्रो नसून मेट्रोच्या पोशाखातली लोकल आहे. तिला लागणारी खरी महागडी वस्तू खर्चाच्या तक्त्यात दिसतच नाही : वेळ. पंधरा मिनिटांना एक गाडी, दिवसाचे सोळा तास, म्हणजे एका बाजूने ६४ फेऱ्या, दोन्ही बाजूंनी १२८. आणि ही लाइन रिकामी नाही. ताशी ७५ किलोमीटरने जाणारी कोळशाची रेक नागपूर-वर्धा अंतर ६३ मिनिटांत कापते, ताशी १३० ची गाडी साडेछत्तीस मिनिटांत. दोघींत सुमारे २७ मिनिटांचं अंतर. मागची वेगवान गाडी अडू नये म्हणून पुढचीला कुठेतरी बाजूला उभं करावं लागतं. त्यात दर स्थानकावर थांबणारी तिसरी जात घातली की काय होईल, ते कंट्रोलरलाच विचारावं. म्हणूनच या मार्गावर तिसऱ्या आणि चौथ्या लाइनची कामं काढली आहेत. ब्रॉड गेज मेट्रोला वर्ध्याचा फलाट अजून दिसलेला नाही, यात मला फारसं नवल वाटत नाही.

दिल्लीचा दाखला इथे कुणीतरी देतोच. दिल्ली मेट्रोच्या सुरुवातीच्या लाइनी १६७६ च्याच आहेत. मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख श्रीधरन यांना १४३५ हवी होती, रेल्वे मंत्रालयाचा आग्रह ब्रॉड गेजचा होता आणि मंत्रालय जिंकलं. २४ डिसेंबर २००२ ला मेट्रो सुरू झाली. रुंदी जुळूनही प्रवासी आजतागायत जिना उतरूनच रेल्वेच्या फलाटावर जातो. दुसऱ्या टप्प्यापासून दिल्लीनेही १४३५ धरली.

आणि देशाने पण. मेट्रोची लांबी सगळ्या शहरांची मिळून हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे, आणि दिल्लीच्या त्या जुन्या लाइनी व कोलकात्याचा अपवाद सोडला तर त्यातली बहुतेक १४३५ वर. दिल्ली-मेरठ वेगवान मार्ग ८२ किलोमीटर, तोही १४३५. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटर, तीही १४३५. ज्या रेल्वेने १९९२ पासून युनिगेज म्हणत मीटर गेज उखडलं आणि आपलं ९५ टक्क्यांहून जास्त जाळं एका रुंदीवर आणलं, तिच्याच शेजारी दुसऱ्या रुंदीची नवी रेल्वे उभी राहते आहे. यंत्रं बाहेर तयार मिळतात, वळणं अरुंद घेता येतात, ही कारणं खरी आहेत. १९१७ मध्ये अडीच फुटी लाइनचीही कारणं खरीच होती.

दुसऱ्या टप्प्यात मेट्रो बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीकडे येणार आहे. तिथून वर्धा पन्नासेक किलोमीटर राहतं. बुटीबोरीला रेल्वे स्थानक आहेच. रूळ जोडणं सोडून द्या. मेट्रोचा जिना आणि रेल्वेचा पादचारी पूल एकमेकांना जोडले, वेळापत्रकं जुळवली आणि तिकीट एक केलं, तरी वर्धेकराचं बरंचसं काम भागेल. या तिन्ही गोष्टींना मिलिमीटर लागत नाहीत.

दरम्यान जिल्ह्यात एक नवी लाइन गाजावाजा न होता कामाला लागली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड, २८४ किलोमीटर, सगळी १६७६ ची. २८ फेब्रुवारी २०२४ ला तिचा वर्धा-कळंब हा पहिला तुकडा उघडला. देवळी, भिडी आणि कळंबचे लोक आता गाडीत बसून थेट वर्ध्याच्या फलाटावर उतरतात. आर्वीची छोटी लाइन कित्येक वर्षांपासून बंद आहे. आर्वीकर एसटीने पुलगावला येतात आणि तिथून पुढची गाडी धरतात.